डिसेंबरची झाडलोट

४ डिसेंबर, दुपारी तीन

चि. भुंग्या,

आशीर्वाद. तू बरा असशील, तुझी बायको बरी असेल, इकडे सगळे बरे आहेत. मिस्त्रींच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकतोय, तेवढं सोडून. झाला एकदाचा खुशालीचा भाग. आता खाली बस आणि नीट वाच.

कायदा बदलला.

हसू नकोस. कराचं सरकारी पत्रक वाचून दोन्ही हातांनी टेबल बडवणारी बाई जगात मी एकटीच असेन, हे मला मान्य आहे. मिस्त्री रंधा टाकून धावत आले, त्यांना वाटलं माझ्या बोटावर काहीतरी पडलं. तुला फोनच करणार होते. पण फोनवर तू आधी 'हं' म्हणतोस, मग 'बरं' म्हणतोस, आणि ठेवतोस. पत्र मधेच ठेवलंस तरी निदान मला ते ऐकू येणार नाही.

आपला डिसेंबर आठवतो ना? एकतीस तारखेला वखारीत जेवढं लाकूड पडून असेल, त्याची वाढलेली किंमत त्या वर्षाच्या नफ्यात धरायची आणि त्यावर कर भरायचा. विकलं नाही, दमडी हातात आली नाही, नुसतं वाळत पडलंय, तरी कर. खुर्चीचं लाकूड चार वर्षं वाळायला हवं, म्हणजे चार वेळा भुर्दंड. तोच नफा घरी नेला तर मात्र जवळजवळ माफी. मग बाबा काय, या धंद्यातले सगळेच काय, डिसेंबर आला की झाडलोट काढायचे. थप्प्या मोडायच्या, अर्धं लाकूड मिळेल त्या भावाला फुंकायचं, उरलेल्याच्या घाईघाईनं खुर्च्या ठोकायच्या. एकतीसला वखार अशी लख्ख की मांजरानं अंग घासायलाही फळी उरू नये. बाबा कमरेवर हात ठेवून म्हणायचे, यंदा सरकारला काही सापडायचं नाही. खरंच सापडायचं नाही. जानेवारीत आपल्यालाही सापडायचं नाही.

घरात दर दोन वर्षांनी नवा सोफा. खुर्च्या करणाऱ्यांच्या घरात विकतचा सोफा, लोक तोंडावर हसायचे. आणि कारखान्यात करवत आजोबांच्या वेळची. बाबांना मी दोष देत नाही. आज खा, उद्याचं उद्या बघू, असं कायदाच सांगत असेल तर साठवणारा माणूस वेडा ठरतो. वेडं ठरायला कुणाला आवडतं?

तर आता ऐक. एक जानेवारीपासून वाळत ठेवलेल्या लाकडावर ते वापरेपर्यंत कर नाही, पाच वर्षांपर्यंत. धंद्यातच ठेवलेल्या नफ्यावर निम्मा कर. घरी नेलेल्यावर चांगला सणसणीत. म्हणजे झाडलोट बंद, भुंग्या. यंदाच्या एकतीसला वखार भरलेली असली तरी पुढच्या वर्षीपासून कुणी आपल्याला शिक्षा करणार नाही. तुला कळतंय ना मी का नाचतेय?

आता तिसरं कलम, ते तुझं-माझं. धंद्यातला वाटा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत जो विकेल, त्याच्या फायद्यातला मोठा घास सरकार घेणार. पाच वर्षांनंतर विकला तर नावालाच. बाबा गेले आणि आपल्याला निम्मा-निम्मा वाटा आला, त्याला तीन वर्षं झाली. म्हणजे राहिली फक्त दोन.

तू म्हणशील, एकतीसच्या आत विकला तर जुनाच कायदा लागतो आणि हा घास वाचतो. बरोबर. चकचकीत बुटांचे ते गृहस्थही तेच म्हणतात, जे तुझ्याकडे येऊन गेले. त्यांना कारखाना नकोय, त्यांना वखारीची जागा हवी आहे आणि खुर्चीखाली मारायचा आपला शिक्का हवा आहे. खुर्च्या ते कुठूनतरी आणतील. आपली एकोणीस माणसं घरी बसतील. त्यासाठी एक सही तुझी लागते, एक माझी. तू त्यांना तोंडी हो म्हणून टाकलंस, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मी रागावले नाही. रागावले होते, दोन दिवस. आता नाही.

माझं मागणं एवढंच आहे, दोन वर्षं थांब. मग विकायचं तर वीक. उत्तर लगेच धाड, एका ओळीचं असलं तरी चालेल.

तुझी निम्मी भागीदार आणि अख्खी
ताई


१३ डिसेंबर, रात्री

चि. भुंग्या,

आशीर्वाद, आणि तुझ्या मौनालाही आशीर्वाद. नऊ दिवस झाले. मी मनाची समजूत घातली की पोस्टमन आजारी असेल.

इकडे काय धमाल चालली आहे म्हणून सांगू. आपले कर-सल्लागार, ज्यांना मी मनातल्या मनात टक्केसाहेब म्हणते, त्यांच्या जिन्यात उभं राहायला जागा नाही. जो तो एकतीसच्या आत विकायला निघालाय. छापखानेवाले, साबणवाले, ते दोघे भाऊ पंपवाले, सगळे उतावळे नवरे. लोकांनी धंदा धरून ठेवावा म्हणून कायदा केला आणि पहिला महिना सगळे सोडून पळण्यात घालवताहेत. टक्केसाहेब स्वतः मला म्हणाले की तुमच्या भावाचं बरोबर आहे, कागदावर बघितलं तर विकणंच शहाणपणाचं. मी विचारलं, कितव्या वर्षाच्या कागदावर? त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

मी मात्र उलट्या दिशेनं धावतेय. कालच दोन गाड्या लाकूड सांगून आले. ताजं, ओलं, उत्तम प्रतीचं. डिसेंबरात लाकूड घेणारी मी पहिलीच, लाकूडवाल्यानं मला दोनदा विचारलं की ताई, महिना कुठला ते माहीत आहे ना. गाड्या एकोणतीसला सकाळी येतील. तू नाही म्हणालास तर फाटकातूनच परत जातील, तसं ठरवूनच सांगितलंय. नवी करवतही बघून ठेवली आहे. बघितलीय फक्त, घेतलेली नाही, डोळे वटारू नकोस.

मिस्त्रींना सांगितलं तेव्हा त्यांनी रंधा खाली ठेवला. वखारीत गेले आणि मोकळ्या जमिनीवर पावलं मोजत हिंडले, थप्पी कुठे बसेल, वारा कुठून लागेल. त्यांचं वय सत्तर आहे. ज्या लाकडाच्या खुर्च्या आपल्याला करायला मिळतील की नाही ठाऊक नाही, त्याची जागा मोजत होते.

हो, तुझ्या बायकोचा फोन आला होता. तिनं केला हे तुला सांगू नको म्हणाली, म्हणून सांगतेय. ती म्हणाली की तुम्ही नवं घर बघताय, आणि वाटा विकला तर ते जमेल. तुझं घर व्हावं असं मला वाटत नाही असं समजू नकोस. पण ती आणखीही एक बोलली. तू अजून कुठेही गेलास की खुर्ची उलटी करून खालचे सांधे बघतोस. तिच्या मामांच्या घरी भर पंगतीत उलटी केलीस म्हणे. मी खूप हसले. मग फोन ठेवल्यावर बसले होते ती खुर्ची उलटी करून बघितली.

शुक्रवारी कर कचेरीत गेले होते. खिडकीपलीकडच्या बाई फार नेटक्या. मी विचारलं, लाकूड वाळत ठेवलंय की नुसतं पडून आहे, हे तुम्ही कसं ओळखणार? त्यांनी एक अर्ज पुढे सरकवला. प्रत्येक थप्पीची जागा, ती रचल्याची तारीख, आणि ती तारीख खरी असल्याबद्दल वाळवणीची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याची सही. अर्ज एकतीसच्या आत द्यायचा. साधा सरळ अर्ज आहे. मी तिथेच बाकावर बसून भरायला घेतला. नाव, पत्ता, माणसं किती, सगळं झरझर लिहिलं. तारखेच्या रकान्याशी माझं पेन थांबलं.

बाईंनी विचारलं, काही अडलंय का. मी म्हटलं, नाही, घरून भरून आणते.

इस्पितळाच्या त्या एकशेवीस खुर्च्यांची आठवण झाली. अकरा वर्षं होऊन गेली. जाऊ दे, ते आता कशाला.

तुला काय वाटतं ते कळव. शिव्या दिल्यास तरी चालतील, फक्त कागदावर दे.

तुझी
ताई


२१ डिसेंबर, सकाळ

प्रिय भुंग्या,

तुझं कार्ड काल आलं. तीन ओळी. मला पाठ झाल्या आहेत: 'ताई, मला लाकडातलं कळत नाही, बाबा तेव्हा बरोबरच म्हणाले होते. ज्यातलं कळत नाही त्यात वाटा कशाला ठेवायचा? ३१ च्या आत विकून टाकू.'

मी दोन लांबलचक पत्रं लिहिली, कलमं सांगितली, टक्के सांगितले. आणि तुझं उत्तर कराबद्दल नव्हतंच. तू घरासाठीही विकत नाहीयेस. अकरा वर्षांपूर्वी सगळ्यांसमोर तुला जे ऐकवलं गेलं, ते खरं धरून विकतोयस.

ते खरं नव्हतं. आता मी सांगते, आणि एका दमात सांगते, नाहीतर पुन्हा कर कचेरीतल्या बाईंची गोष्ट सुरू करीन.

त्या डिसेंबरात तू जानेवारीच्या लाकडाचे सौदे ठरवायला गेला होतास, बारा दिवस. मागच्या भिंतीशी तुझी मोठी थप्पी होती, बाबांशी भांडून दोन झाडलोटींतून वाचवलेली. तुझी पद्धत, थप्पी रचली की फळीच्या टोकावर खडूनं तारीख. त्या थप्पीला तेव्हा दोनच वर्षं झाली होती, आणखी दोन हवी होती, हे तू जाताना मला बजावून गेलास. मला, मिस्त्रींना नव्हे, कारण तारीख बघितल्याशिवाय मिस्त्री थप्पीला हात लावत नाहीत हे तुला ठाऊक होतं.

बाबांनी त्या वर्षी पहिल्यांदा कराचे कागद माझ्या हाती दिले होते. मी हिशेब मांडला आणि दिसलं की ती एक थप्पी एकतीसला उभी राहिली तर सगळ्या वर्षाची झाडलोट वाया. त्याच आठवड्यात इस्पितळाचं काम आलं, बाहेरच्या दालनासाठी एकशेवीस खुर्च्या. मी ओल्या फडक्यानं तुझी तारीख पुसली आणि दोन वर्षं आधीची लिहिली. तुझ्या अक्षरात. तुझा सात डावीकडे कलतो, तसाच कलता काढला.

मिस्त्रींनी तारीख वाचली आणि थप्पी फोडली. नऊ दिवसांत खुर्च्या तयार. वखार लख्ख. बाबा म्हणाले, पोरगी हुशार निघाली. मला आभाळ ठेंगणं झालं होतं, खरं सांगते.

पुढचं तुला माहीत आहे. त्या दालनात दिवसभर गरम हवा सोडत असत. मार्चमध्ये सांधे उघडले, खुर्च्या परत यायला लागल्या, एका म्हाताऱ्या गृहस्थांचं मनगट मोडलं. बाबांनी थप्पीतली उरलेली फळी आणून तुझ्यापुढे टाकली. तू तिचं टोक उजेडाकडे धरून तारीख वाचलीस. मग म्हणालास, "माझंच अक्षर आहे. चुकलो असेन."

बाबा म्हणाले, "तुला लाकूड कळत नाही. उद्यापासून वखारीत पाऊल टाकू नकोस."

मी तिथेच होते, चार हातांवर. तोंड उघडलं होतं रे. शब्द इथपर्यंत आले होते. मग मूग गिळले. वाटलं, दोन दिवसांत बाबांचा राग उतरेल, तेव्हा हळूच सांगू. तिसऱ्या दिवशी तू गेलास. त्यानंतर प्रत्येक वर्षी ते सांगणं आदल्या वर्षीपेक्षा अवघड होत गेलं. बाबा गेले तेव्हा मला रडू आलं, आणि त्यात एक बारीकसा सुटकेचा भागही होता, की आता हे कुणाला सांगायला नको. ते कळल्यावर माझी मलाच किळस आली.

दोष कायद्याला देऊन मोकळी होऊ शकले असते. दोन पत्रं मी तेच करत होते, कायदा कसा वाईट होता, माणसांना कसा घाई करायला लावत होता. तो लावत होताच. पण फडकं मी ओलं केलं.

तुला लाकूड कळतं. तेव्हाही कळत होतं, आणि ते मला माहीत होतं, म्हणून तर तुझ्या अक्षराची नक्कल करावी लागली. माझ्या अक्षरातल्या तारखेवर कुणी विश्वास ठेवला नसता.

काल चहाच्या सुट्टीत मी सगळ्यांना बोलावलं आणि हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. मिस्त्रींनी चष्मा काढून खिशात घातला आणि ते घरी गेले. अकरा वर्षं तेही स्वतःला खात होते, की आपण लाकूड ठोकून का बघितलं नाही, नुसत्या तारखेवर का गेलो. हे मला कधी सुचलंसुद्धा नव्हतं.

दुपारी ते परत आले. माझ्या दारात उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. विचारलं, "त्याला कळवलंत?"

मी म्हटलं, उद्या सकाळी लिहिणार.

ते म्हणाले, "आजच लिहायला हवं होतं. आणि गाड्या येतील तेव्हा लाकूड बघायला त्यालाच बोलवा. मला दिसत नाही आणि तुम्हाला कळत नाही."

भुंग्या, मला हसू फुटलं आणि रडूही. तेही हसले, म्हणजे मिशी हलली. त्यांनी मला माफ केलं असं नाही, कालपासून माझ्याशी कामापुरतंच बोलताहेत. तरी माझं सांगू का? आज उठले तर अंग इतकं हलकं की जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले. या वयात. लाज वाटायला हवी, ती वाटतेच आहे, पण तिच्यासकट मी शिट्टी वाजवत होते. तुला खरं सांगायला मिळतंय, याचाच आनंद झालाय मला. त्यासाठी तू मला आणखी दोन शिव्या जास्त दे.

सोबत दोन कागद पाठवतेय. एक विक्रीचा. त्यावर माझी सही झालेली आहे. तू सही केलीस की कारखाना गेला, मी आड येणार नाही. एकोणीस माणसांचं काय, असं तू विचारशील. त्यांनाही हे कालच सांगितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक जण म्हणाला की हे आधी आम्हाला विचारायचं होतंत, आणि त्याचं चुकलं नाही. पण तुझं जे मी घेतलं ते परत करताना मधे अट घालणं मला जमेना.

दुसरा कागद कर कचेरीचा अर्ज. माझ्याकडून जेवढा भरता आला तेवढा भरला आहे. तारखांचा रकाना कोरा आहे आणि वाळवणीची जबाबदारी कुणाची, ती ओळही कोरी आहे. तिथे माझी सही चालणार नाही. कचेरीला चालेल, मला नाही.

नव्या घराचं म्हणशील तर माझ्या वाट्याचा यंदाचा नफा तू घे, हे मी नुसतं बोलत नाही, तुझ्या बायकोलाही फोनवर सांगितलंय. तो घेऊनही विकलंस तरी घेतलेलं परत मागणार नाही.

दोनपैकी एका कागदावर सही कर. कुठल्या, ते मी विचारायला फोन करणार नाही. आणि दोन्ही फाडून टाकावेसे वाटले, माझं तोंड पुन्हा बघू नये असं वाटलं, तर तेही मी समजेन. पण तसं झालं तरी यापुढे कुणी विचारलं तर सांग, मला लाकूड कळतं. ताईनं लिहून दिलंय म्हणून सांग. हे पत्र दाखव. खाली तारीख आहे, सही आहे, आणि या खेपेला दोन्ही माझ्याच अक्षरात आहेत.

तुझी अपराधी, तरीही
ताई
२१ डिसेंबर